फोटो आधी कुणाला पाठवलास?

नमस्कार मंडळी. नाशकात थंडी मस्त पडलीय, सकाळी गंगापूर रोडवर कानटोपी घातल्याशिवाय कुणी दिसत नाही, तुम्ही परदेशातले, बर्फातले लोक हसाल पण आम्हाला आठ डिग्री म्हणजे फार झाली. असो. या वेळी एकच पत्र घेतेय. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून आलंय, नाव नको म्हणालीय, तर आपण तिला नाशिकची लेक म्हणू. तिने चार प्रश्न विचारलेत आणि मला आधीच माहितीये की मी पहिल्यातच अडकणार, बाकीच्या तीन प्रश्नांनी माफ करावं.

पत्र लांब आहे, मधला भाग देते.

"काकू, मी ४१ वर्षांची, माहेर कॉलेज रोड, सासर सिडको. इथे येऊन अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात ऑफिसात एक वर्कशॉप झालं. टेबलवर साठ-सत्तर कार्डं पसरली होती, प्रत्येकावर एकेक व्हॅल्यू लिहिलेली, आणि सांगितलं आपली पाच उचला. मी दोन मिनिटांत उचलली. कुटुंब, प्रामाणिकपणा, सुरक्षितता, स्वातंत्र्य, प्रगती. मग ट्रेनर म्हणाली, गेल्या महिन्यात या प्रत्येकासाठी स्वतःहून काय केलंत ते कार्डामागे लिहा. माझी पाचही कोरी राहिली. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. टीम लीडची पोस्ट समोर आलीय, हो म्हणावंसं वाटत नाही आणि नाही म्हणायची हिंमत नाही. मला नक्की काय हवंय तेच कळत नाही. माझ्यात मोटिव्हेशनच नाही का?"

अगं, आधी ते नळ सोडून रडणं बंद कर. नवऱ्यासमोर रड, त्यालाही कळू दे. आपल्या बायकांना ही सवय इथूनच लागलेली असते, वाड्यात मोरीत जाऊन रडायचं आणि डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणायचं, तेवढं एक मात्र आपण व्हिसा न लागता परदेशात नेलंय.

आणि कोरी कार्डं. त्यात रडण्यासारखं काय आहे? शेजारच्या खुर्चीवरच्याने भरली असतील ना पाचही, झरझर? त्याला विचारलंस का, खरी होती का म्हणून? तू कोरी ठेवलीस म्हणजे प्रामाणिकपणाचं कार्ड तरी तिथल्या तिथेच भरलं की. मला काळजी वाटते ती त्या दोन मिनिटांची. पाच व्हॅल्यूज दोन मिनिटांत? भाजी मंडईत मेथीच्या दोन जुड्या निवडायला आपण जास्त वेळ घेतो. दोन मिनिटांत जे हाताला लागतं ते बहुतेक घरून आलेलं असतं, शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, नाहीतर बॉसला आवडेलसं असतं.

आता माझं नेहमीचं सुरू करते, जुने वाचक म्हणतील काकूंची गाडी आली रुळावर. म्हणू देत.

मी एकच प्रश्न विचारते सगळ्यांना. काही चांगलं घडलं की फोटो आधी कुणाला पाठवतेस? तुझ्या पत्रात खाली एक वाक्य आहे, तुला वाटलं असेल काकू वाचणार नाहीत. "घराची किल्ली मिळाली तेव्हा दारातच फोटो काढून कॉलेज रोडच्या ग्रुपवर टाकला, आत नंतर गेलो, कारण तिकडे साडेआठ वाजले होते आणि नऊनंतर कुणी बघत नाही." बघ म्हणजे, तुमच्याकडे दुपारचे चार, बाहेर थंडी, हातात नव्या घराची किल्ली, आणि तू हिशेब करतेयस की नाशकात जेवणं होऊन लोक मोबाइल घेऊन कधी बसतात. घर कुणासाठी घेतलं गं? तुम्ही तिघं राहायला जाणार होता की ग्रुपवरचे चौतीस जण?

चिडू नकोस, मी हेच केलंय आणि तुझ्यापेक्षा वाईट केलंय. आम्ही बावीस वर्षं कॅनडात, मिसिसागाला होतो. तिथे मी अकाउंटिंगची परीक्षा द्यायचं ठरवलं, दोन लहान मुलं, दिवसभर नोकरी, रात्री अकरा ते दोन अभ्यास, चार वर्षं असं चाललं. सगळे म्हणायचे काय जिद्द आहे हो हिची. जिद्द कसली, सांगते. माझी मोठी वहिनी नाशिकला बँकेत ऑफिसर झाली होती आणि एकदा गणपतीत मोदक वळता वळता सहज म्हणाली की तिकडे जाऊन तुझं शिक्षण वायाच गेलं नाही का. बास. त्या एका वाक्यावर मी चार वर्षं धावले. निकाल लागला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा, नाशकात सकाळचे नऊ, हे शेजारी घोरत होते, त्यांना उठवलं नाही, पहिला फोन वहिनीला. ती म्हणाली, अरे वा, छान, थांब हं कुकरची शिट्टी होतेय. आणि फोन ठेवला. चार वर्षांचं सगळं त्या शिट्टीत गेलं. पुढचे सात-आठ महिने मला सकाळी उठवत नव्हतं, डॉक्टर म्हणाले लोह कमी आहे, गोळ्या घेतल्या, लोह वाढलं, बाकी काही वाढलं नाही. ज्याच्यासाठी धावत होते तो प्रेक्षकच उठून गेला होता ना.

म्हणून तू विचारतेस ना, माझ्यात मोटिव्हेशन नाही का, तर भरपूर आहे. अकरा वर्षं परक्या देशात नोकरी, घर, पोर सांभाळणारीला ते नाही असं कोण म्हणेल. फक्त ते कुणीतरी ढकलल्यासारखं आहे, ओढ लागल्यासारखं नाही. डेसी आणि रायन म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी या दोन्हींतला फरक नीट मांडलाय. ढकलण्यासाठी बाहेरून कुणी हाकायची गरजच नसते, हाकणारा आपल्या आत येऊन बसतो आणि त्याचा आवाज आपल्याला आपलाच वाटायला लागतो, "नाही केलंस तर तू कमी पडलीस" असा. कामं होतात त्याने, चांगली होतात, पण माणूस आतून दमतो. माणसाला मुळात लागतं ते तीन गोष्टींचं, असं ते म्हणतात. आपलं आपण ठरवता येणं, एखादी गोष्ट आपल्याला जमतेय असं वाटणं, आणि जवळची माणसं. तुझ्याकडे दुसरं पुष्कळ आहे, तिसरं बऱ्यापैकी, पहिल्याचा दुष्काळ दिसतोय.

बरं, मग आपलं स्वतःचं काय ते ओळखायचं कसं. कार्डांनी सुरुवात होते, अगदीच टाकाऊ नाहीत ती. मिल्टन रोकीच यांनी १९७३ साली अशी यादी छापली, १८ व्हॅल्यूज आयुष्यात काय मिळवायचं याच्या आणि १८ कसं वागायचं याच्या, पण त्यांनी निवडायला सांगितलं नव्हतं, क्रम लावायला सांगितलं होतं. त्या फरकात सगळं आहे बघ. पाच उचलणं म्हणजे लग्नातलं बुफे, सगळं थोडं थोडं वाढून घ्यायचं. क्रम लावायचा म्हणजे वाटणी करायची, एकाला पुढे करायचं तर दुसऱ्याला मागे ढकलावं लागतं आणि तिथे पोटात कळ येते. आणि तू सुरक्षितता आणि स्वातंत्र्य ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवलीस! शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत व्हॅल्यूज एका वर्तुळात मांडल्या, त्यात शेजारच्या एकमेकींना धरून असतात आणि समोरासमोरच्या एकमेकींना ओढतात, सुरक्षितता आणि परंपरा एका बाजूला तर स्वतःच्या मनाने जगणं दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोन्ही हव्या असणं चूक नाही, आपल्या सगळ्यांना हव्या असतात, पण मग ओढाताण होतेय म्हणून घाबरायचं नाही. ती होणारच. तू विचारतेस माझं डोकं ठिकाणावर नाही का, अगं डोकं ठिकाणावर आहे, दोऱ्या दोन आहेत.

पण कार्डांपेक्षा माणसाचे हात बघावेत असं माझं मत झालंय, आणि ते आमच्या ह्यांच्यामुळे.

आमचे हे अठरा वर्षं एकच घोकत होते, परत जायचं आणि द्राक्षबाग करायची. सासऱ्यांची दिंडोरीकडे बाग होती, आता दीर बघतात. प्रत्येक पार्टीत, प्रत्येक दिवाळीत, मातीशी नाळ, मातीशी नाळ. मी म्हटलं असेल बाबा. परत आलो, वाटणीची दीड एकर हातात आली. एप्रिलची खरड छाटणी सुरू होती, दिरांनी बोलावलं, हे गेले, उन्हात दोन तास उभे राहिले आणि म्हणाले नुसत्या काड्याच तर दिसतायत. दीर म्हणाले, दादा, आता जी नवी काडी फुटेल तिच्यात पुढचा घड तयार होतो, तो आता दिसत नाही, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटेल. ह्यांना तेवढा धीर नाही. वर्षात एकूण तीनदा गेले बागेत, तिसऱ्यांदा तर मीच ढकललं.

आणि मिसिसागाला काय चालायचं? दर शनिवारी गॅरेज. बाहेर उणे बारा, गॅरेजचं दार अर्धं वर, आत पेट्रोलचा वास, हे गुडघ्यावर बसून शेजारच्या पोर्तुगीज म्हाताऱ्याच्या स्नोब्लोअरचा कार्ब्युरेटर जुन्या टूथब्रशने घासतायत, थर्मासमधला चहा मी ठेवला तसाच, वर साय धरलेली. हाक मारली तरी ऐकू जायची नाही. मशीन धडधडून चालू झालं की तोंडावर जे काय यायचं ते मी आमच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही. पैसे कधी घेतले नाहीत. कुणाला सांगितलं नाही. याचा एक फोटो नाशिकच्या ग्रुपवर गेला नाही, कारण इंजिनियर झालेला मुलगा परदेशात जाऊन शेजाऱ्यांची मशीनं दुरुस्त करतो हे कुणाला दाखवणार? बाग दाखवण्यासारखी होती. ती सासऱ्यांची व्हॅल्यू होती, ह्यांनी ती आपल्या नावावर अठरा वर्षं मिरवली. आता सोसायटीतले मिक्सर, पंखे, इस्त्र्या सगळं आमच्या डायनिंग टेबलवर असतं आणि मला जेवायला ताट ठेवायला जागा नाही, पण माणूस सुखात आहे.

दिरांच्या बागेत एक गंमत कळली तेवढी सांगते. आपली द्राक्षं आता बहुतेक स्वतःच्या मुळावर नसतातच, खाली डॉगरीजचा खुंट लावतात, रानटी जातीचा, पाणी कमी असलं, जमीन खारट असली तरी तग धरतो, आणि त्यावर थॉमसनचं नाहीतर दुसऱ्या जातीचं कलम. खुंट एकाचा आणि घड दुसऱ्याचा. आई-वडिलांकडून आपल्याला खुंट मिळतो, त्याच्या जोरावरच तू आइंडहोवनच्या पावसात तग धरलास, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण खुंटालाच घड येतील म्हणून वाट बघत बसलीस तर कसे येतील? फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या सुपरमार्केटमध्ये नाशिकची द्राक्षं येतील तेव्हा डबा हातात घेऊन जरा आठव काकूचं.

आता तुझ्या हातांकडे येऊ. तू पत्रात कंस टाकून काय लिहिलंयस ते तुलाच वाचून दाखवते. "तसं एक झालं गेल्या आठवड्यात पण ते अवांतर आहे, आमच्या टीममधल्या नव्या मुलीचं अख्खं ॲनालिसिस एका सीनियरने आपल्या नावाने दाखवलं, मी मीटिंगमध्येच म्हटलं की हे हिचं काम आहे, नंतर तासभर हात थरथरत होते, पण घरी येताना सायकल चालवताना गाणं म्हणत होते."

अवांतर! आठ पानांच्या पत्रात हेच एक अवांतर नाही बाई. रडणं पाच ओळी आणि गाणं कंसात. कुणी सांगितलं नव्हतं, प्रमोशनवर परिणाम होईल ही भीती होती, ग्रुपवर टाकलं नाहीस, नवऱ्यालाही सांगितलं की नाही शंकाच आहे, आणि तरी केलंस. कार्डाच्या मागे लिहायला हे नव्हतं का? नव्हतं, कारण तू उचललेल्या पाचांत हे कार्डच नव्हतं. न्याय म्हण, कमजोराच्या बाजूने उभं राहणं म्हण, तुला जे नाव द्यायचं ते दे. राग कशाचा येतो ते बघत जा. माणूस शिकून सवरून आनंद सुद्धा दुसऱ्याचा उसना घेतो पण राग मात्र त्याचा स्वतःचाच असतो. माझ्या भावाचं लहानपणीचं आठवतं, रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदात, धप्पा मारून यायचा, पेशव्यांच्या काळापासूनची ती रहाड, अंगाचा रंग चार-चार दिवस जायचा नाही, आई बदडायची, शाळेत बाई अंगठे धरायला लावायच्या, आणि पुढच्या वर्षी हा परत पहिला. शिक्षा होऊनही जे केलं जातं ते आपलं, बक्षीस ठेवून कुणाकडूनही काहीही करून घेता येतं.

तर टीम लीडचं असं कर. हो की नाही हे आत्ता ठरवू नकोस. मॅनेजरला विचार की या पोस्टवरच्या माणसाचा आठवडा कसा जातो, खरोखरचा, किती तास एक्सेलमध्ये आणि किती तास माणसांत. त्या नव्या मुलीसारख्या चौघी-पाच जणांचं काम त्यांच्या नावाने पुढे जाईल हे बघणं जर तुझ्या हातात येणार असेल तर ही पोस्ट तुझी आहे, नाव काहीही असो. आणि नुसतं रिपोर्ट गोळा करून वर पाठवायचं असेल तर नाही म्हण, हिंमत त्या मीटिंगमध्ये होतीच की. हो म्हणालीस तर एक पथ्य पाळ. महिनाभर नाशिकला सांगायचं नाही. आईला सुद्धा नाही. महिन्यानंतर ती पोस्ट तुला तितकीच गोड लागतेय का बघ. हे पथ्य मी माझ्या धाकट्या मुलाला घातलं होतं, तो अकराव्या दिवशी म्हणाला आई मला ही नोकरी आवडतच नाहीये, मला फक्त मामाला सांगायची होती. (मामा म्हणजे तोच, रहाडीवाला. वहिनीचा नवरा. आमच्या घरात सगळी धाव त्यांच्याच दाराशी जाऊन थांबते.)

आणि दोन आठवडे एक वही घाल. मोबाइलमध्ये नको, कागदाची वही, एचपीटी कॉलेजला असताना वापरायचीस तसली दोनशे पानी. रात्री तीनच ओळी, आज न सांगता काय केलं, कशाचा राग आला, आणि कुठली गोष्ट कुणाला तरी दाखवावीशी वाटली. कुणाला ते नावानिशी लिहायचं. पहिले पाच दिवस तू खोटं लिहिशील, सगळे लिहितात, सहाव्या दिवशी कंटाळून खरं लिहिशील. चौदा दिवसांनी नावं मोज. एकच नाव सात वेळा आलं तर ते कोण आहे आणि त्याचं काय देणं लागतेस ते मला पत्रात कळव, तो वेगळा विषय आहे, त्यावर मी आनंदाने अख्खा लेख खर्ची घालीन.

आता राहिलेलं पटापट.

मुलगी तेरा वर्षांची, मराठी शाळेत जायला नाही म्हणते, "दर टर्मला सर्टिफिकेट आणि ट्रॉफी देतात तरी". तरी नाही गं, म्हणूनच. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्मा वेळ चित्रं काढली. ज्यांना आधी न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. तेव्हा ट्रॉफी आणि त्या ट्रॉफीचा फोटो, दोन्ही बंद. तिला आजीशी भांडायला मराठी लागू दे, आपोआप येईल.

नाशिकला दुसरा फ्लॅट घ्यावा का. पहिल्याला कुलूप आहे ना? मग आधी त्याच्या खिडक्या उघड कुणाकडून तरी. दुसऱ्याच्या वास्तुशांतीचा फोटो कुणाला पाठवायचाय ते नवऱ्यालाही विचार, वही त्यालाही लागू.

सासूबाई तीन महिन्यांसाठी येतायत, ९० दिवसांचाच व्हिसा आहे, दिवस मोजू नकोस, त्यांना ऐकू येतं. सिडकोत त्या सकाळी सहाला उठून कट्ट्यावर चौघींना भेटत असणार, तिकडे भेटायला कोण आहे? घराजवळची बागेतली बाकं पहिल्याच आठवड्यात दाखवून ठेव. आणि त्यांना इथून चिवडा, मेतकूट आणायला सांग, कुकर सांगू नकोस, मागच्या महिन्यात आमच्या शेजारणीची बॅग दोन किलोने जास्त भरली आणि काउंटरपाशी रांगेत सगळ्यांसमोर कुकर उघडून त्यातले लाडू बाहेर काढावे लागले.